डिकीच्या कुलपाला गंधोदक

आक्काताईंना गाडीतलं काही कळत नाही, असं त्यांची सून दीपाली एकदा फोनवर कुणालातरी म्हणाली आणि ते त्यांनी ऐकलं. मनाला लागलं. गाडीला पेट्रोल लागतं की डिझेल हे त्यांना आजही सांगता येणार नाही, ते सोडा. पण बटण दाबल्यावर डिकीचं दार किती वेळ थांबून मग हलतं, वर जाताना कुठल्या बाजूचा दांडा आधी कुरकुरतो, थंडीत ते कसं आळसावतं आणि उन्हात कसं चटकन उठतं, हे त्या घरात फक्त त्यांनाच माहीत होतं. गाडी दीपाली चालवायची. डिकी आक्काताई सांभाळायच्या.

आणि सांभाळणं भागच होतं. त्या दाराच्या मागं त्यांच्या नवऱ्याचं जेवण अडलेलं असायचं.

हे जरा नीट सांगायला हवं. आक्काताईंचे यजमान कल्लाप्पा विशीत असताना गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला होता. त्यांच्यापुढं हात जोडून कल्लाप्पांनी नियम घेतला, की बस्तीत जाऊन भगवंताचं दर्शन घेतल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचं नाही. बस्ती म्हणजे जैनांचं मंदिर. सांगलीकडं सगळे बस्तीच म्हणतात. तरण्या वयात असे नियम पुष्कळजण घेतात आणि लग्न झालं की सोयीनं विसरतात. कल्लाप्पा विसरले नाहीत. ऊसतोड असो, घरात कार्य असो, नियम चालूच. महापुरात वारणा मळ्याच्या बांधापर्यंत आली, तेव्हा हा माणूस होडीत बसून दर्शनाला गेला आणि परत येऊन मगच भाकरीला हात लावला. आक्काताईंनी त्या दिवशी त्यांना पोटभर शिव्या दिल्या, अर्थात मनातल्या मनात, आणि भाकरी गरम करून वाढली.

मग अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. डाव्या हाताची मूठ वळली ती वळलीच, मालिश करून, शेक देऊन, काही केल्या उघडेना. दवाखान्यात होते तोवर नियमाला सूट होती. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी कल्लाप्पांनी उजव्या हातानं गावाच्या दिशेला बोट केलं. घर मळ्यात, गावापासून लांब. चार पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, ट्रॉलीतून गावात नेलं आणि बस्तीच्या पायऱ्यांवरून उचलून आत घेतलं. तिथं धोतर सुटलं. बायका होत्या, लेकी-सुना होत्या. कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांनी पटकन माना वळवल्या, आणि तेच कल्लाप्पांना सोसलं नाही. एकेकाळी तालमीत अंग कमावलेला गडी तो. त्यांनी सांगून टाकलं, की मला उचलून नेणार असाल तर मी येणार नाही. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत आणि जेवलेही नाहीत. तिसऱ्या दिवशी पुण्याहून मुलगा धावत आला.

मुलाचं नाव सम्मेद. नोकरी पुण्यात, बायको दीपाली मात्र इथल्याच शाळेत शिक्षिका, म्हणून मळ्यात राहिलेली. सम्मेदनं वडिलांची समजूत घालायचा नाद सोडला आणि दोन गोष्टी आणल्या. एक घडीची चाकाची खुर्ची आणि दुसरी बटणावर डिकी उघडणारी ही मोठी गाडी. आक्काताईंचा उजवा खांदा धरलेला, हात वर जात नाही, डिकीचं जड दार त्यांच्यानं उचलणार नाही, हे त्या पोराच्या लक्षात आलं होतं. बस्तीच्या पंचांनीही समजूतदारपणा दाखवून बाजूच्या दाराला उतार करून दिला.

तेव्हापासून रोजचा क्रम ठरला. कल्लाप्पांना साखरेचा आजार, त्यामुळं सकाळी पोटात सुई टोचावी लागे. सुई म्हणजे खाणं नव्हे, म्हणून ती घरीच व्हायची. बस्तीच्या आवारात सुई-रक्त नको, हा त्यांचा हेका. पण एकदा ती टोचली की थोड्याच वेळात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर साखर उतरते आणि माणूस हातचा जातो, असं डॉक्टरांनी आक्काताईंना समोर बसवून बजावलं होतं. मग लगेच गाडी, गाडीतून बस्ती, डिकी उघडायची, खुर्ची काढायची, तिची चाकं ओल्या फडक्यानं पुसायची, दर्शन, आणि बाहेर आल्यावर डबा. सुनेनं सासऱ्याला धरायचं नाही हे कल्लाप्पांचं म्हणणं, आणि खुर्चीला मीच हात लावणार हे आक्काताईंचं. दोघांच्या हट्टात बिचारी दीपाली स्टिअरिंग धरून बसायची.

पहिल्याच आठवड्यात एक अडचण आली. डिकीचं दार उघडायचं ते थेट आभाळात, आणि ते बंद करायचं बटण दाराच्याच खालच्या काठावर. आक्काताईंचा हात तिथं पोचेना. तेव्हा सांगलीहून जोतीराम आला. हा मूळचा साताऱ्याकडचा, कोरेगावचा. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला आणि आता सांगलीत गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारा. फौजेत ट्रकच्या मागच्या फाळक्यात सापडून त्याच्या एका बोटाचं पेर गेलं होतं. त्यामुळं असेल, पण गाडीच्या मागच्या दाराशी तो नेहमी जपून वागायचा. त्यानं आक्काताईंना दाराखाली उभं केलं, डावा हात वर करायला लावला, दार हातानं तेवढ्यावर आणलं आणि बटण दाबून धरलं. दारानं टूं केलं. तेव्हापासून ते दार आक्काताईंच्या कपाळाच्या जरा वर येऊन थांबायला लागलं.

मग त्यानं त्यांना दार सांभाळायचं शिकवलं. मधेच हातानं रेटायचं नाही, ओढायचं नाही, त्याचं त्याला जाऊ द्यायचं. दोन्ही बाजूच्या दांड्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही, कोरड्या फडक्यानं धूळ तेवढी टिपायची. रबरावर माती राहिली तर दाराला वाटतं मध्ये कुणाचा हात आला, आणि ते परत वर जातं. म्हणून रबर पुसायचं. मोटरीच्या पाइपनं गाडी धुताना कुलपावर धार मारायची नाही. बॅटरी उतरली तर दार आपली उंची विसरतं, तेव्हा घाबरायचं नाही, मला फोन करायचा. आक्काताईंनी हे सगळं शाळेतल्या मुलीसारखं ऐकून घेतलं आणि त्यातलं एक अक्षरही कधी चुकवलं नाही. नवऱ्यानं महाराजांपुढं घेतला तसा त्यांनी जोतीरामपुढं नियमच घेतला म्हणा.

फक्त त्यात स्वतःची एक भर घातली, आणि ती कुणाला सांगितली नाही.

बस्तीत रोज भगवंताचा अभिषेक होतो, त्याचं तीर्थ म्हणजे गंधोदक. ते भक्तिभावानं कपाळाला, डोळ्यांना लावतात, थोडं डबीतून घरी नेतात. आक्काताई ते आधी कल्लाप्पांच्या कपाळाला लावायच्या, मग त्यांच्या वळलेल्या मुठीवर, एकेका पेरावरून बोट फिरवून. कल्लाप्पा त्या वेळी डोळे मिटून घ्यायचे. आणि मग गाडीपाशी आल्यावर, खुर्ची आत गेली की, दार मिटायच्या आधी त्या डबीत बोट बुडवायच्या आणि डिकीच्या कुलपाच्या तोंडात हळूच लावायच्या. ज्या दारामुळं नवऱ्याचा नियम चालला आहे, त्याला एक बोट गंधोदक जास्त झालं का? ते नाभीच्या खाली लावू नये असा संकेत आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण दार वर गेल्यावर कुलूप त्यांच्या कपाळाच्याही वर असायचं, तेव्हा तोही प्रश्न नव्हता. बाई विचार करून वागणारी होती.

आता आपल्याकडं अभिषेक नुसत्या पाण्याचा नसतो. दूध, दही, नारळाचं पाणी, उसाचा रस, सगळं असतं. पर्युषणाच्या दिवसांत तर रसाचे तांबे कमी पडतात. ते बोटभर गोड कुलपात जाऊन वाळायचं, त्यावर वाटेवरची धूळ बसायची, त्यावर दुसऱ्या दिवशीचं बोट. दार कधीकधी खाली यायचं, टेकायचं, पण कुलूप लागायचं नाही आणि नको म्हटल्यासारखं ते परत वर जायचं. आक्काताई रबर पुसायच्या. रबर स्वच्छच असायचं.

मग एक दिवस त्यांना मुंग्या दिसल्या. बारीक, लाल, बंपरवरून चढून कुलपात जाणारी रांग. आक्काताईंच्या घरात मुंगीच्या वाटेवर कधी राख पडली नाही की औषधाचा खडू फिरला नाही. जीव तो जीव. त्यांनी गाडीजवळच्या नारळाच्या झाडाच्या बुडाशी चिमूट चिमूट पीठ टाकून रांग तिकडं वळवायचा प्रयत्न केला. काही वळल्या, काही आतच राहिल्या. त्याच सुमाराला जोतीराम वर्षाची तपासणी करायला आला होता. गाडी मळ्यात झाडाखाली उभी असते म्हणून त्यानं सहज विचारलं, मुंग्या वगैरे झाल्या नाहीत ना. आक्काताईंना त्याच्या पेटीतली मुंग्या मारायच्या फवाऱ्याची डबी दिसत होती. त्या नाही म्हणाल्या. आयुष्यात त्या फार थोड्या वेळा खोटं बोलल्या असतील, आणि हे मुंग्यांसाठी होतं.

पर्युषणातल्या एका सकाळी गाडी बस्तीपुढं थांबली. सुई टोचून झाली होती. आक्काताईंनी बटण दाबलं. आत टकटक झालं, टूं टूं झालं, दार जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं. दीपाली उतरली, तिनं किल्लीवरचं बटण दाबलं, ती मागच्या सीटवरून आत गेली. खुर्ची आडवी पडलेली, चाक सीटच्या मागं अडकलेलं, ती पुढं निघेना. तिनं जोतीरामला फोन लावला. त्यानं सांगितल्याप्रमाणं दाराच्या आतलं छोटं झाकण काढून तिथली कळ ओढली. टक असा आवाज आला, पण दार सुटलं नाही. आत काहीतरी घट्ट बसलंय, जोर लावू नका, मी निघालो, असं तो म्हणाला. पण तो सांगलीतून निघणार होता, यायला वेळ लागणार.

बस्तीत पूजेला गर्दी होती. तरणी पोरं धावत आली. कुणीतरी बस्तीच्या हॉलमधून प्लास्टिकची खुर्ची आणली. पुढच्या सीटवरून कल्लाप्पांनी ती खुर्ची बघितली आणि मान दुसरीकडं वळवली. दीपाली म्हणाली, आप्पा, आजच्या दिवस खाऊन घ्या, देव काही म्हणणार नाही. त्यांनी नुसता हात हलवला. आक्काताईंनी पिशवीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या ओठांपाशी धरला. ओठ मिटलेलेच राहिले. त्या ओठांवर घाम होता. सकाळची वेळ, वारा सुटलेला, आणि कपाळावरूनही घाम निथळत होता. उजवा हात मांडीवर थरथरत होता.

आक्काताईंना ते डॉक्टरांचं बोलणं आठवलं. काय झालंय ते त्यांना बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हाच कळलं होतं. माणसाला आपली चूक सगळ्यात आधी कळते, आणि ती सांगायला मात्र त्याची जीभ जड होते. त्यांनी सगळ्यांना जरा लांब व्हायला सांगितलं, गाडीच्या दारात उभ्या राहिल्या आणि खाली वाकून म्हणाल्या,

"आवं, त्ये कुलूप माझ्याच हातनं बिघडलंय. रोज गंधोदक लावलंय मी त्येला. मुंग्या झाल्यात आत. जोतीरामानं इचारलं तवा न्हाई म्हणून सांगितलं, त्यो मुंग्या मारंल म्हणून. आता तुमास्नी काय झालं तर त्ये माझ्या डोस्क्यावर हाय."

झटक्यानंतर कल्लाप्पांचे शब्द जड यायचे, आणि आज तर जास्तच. त्यांनी मांडीवरच्या आपल्या डाव्या मुठीकडं बघितलं.

"ह्या हाताला बी लावतीसच की रोज," ते म्हणाले. "ह्यो तरी कुठं उघडलाय?"

आक्काताईंना वाटायचं, आपण मुठीवर बोट फिरवताना मनात काय मागतो ते या माणसाला माहीत नाही. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मूठ उघडणार नाही हेही माहीत होतं. तरी तो रोज डोळे मिटून हात पुढं करत आला होता, बायकोला बरं वाटावं म्हणून. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी आवरलंही नाही.

"रडू नगंस. तुज्या डोस्क्यावर काय बी न्हाई," कल्लाप्पा म्हणाले. "बोलव पोरांना. पैलं माझं धोतर बघ."

आक्काताईंनी एका धड हातानं आणि एका धरलेल्या हातानं धोतराची गाठ मारली. वर आणखी एक गाठ मारली. मग पोरांना हाक घातली. प्लास्टिकची खुर्ची कुणी पुढं केली नाही. पोरांनी मनगटाला मनगट धरून हातांची बैठक केली आणि कल्लाप्पांना तीत बसवलं. ते उताराकडं गेले नाहीत, सरळ पायऱ्यांनी वर गेले. आक्काताई मागून एक हात धोतराच्या गाठीवर ठेवून चालत होत्या. गर्दी बाजूला झाली. यावेळी कुणी माना वळवल्या की नाही ते त्यांनी बघितलं नाही. कल्लाप्पांनी एकच हात कपाळाला लावून दर्शन घेतलं, बाहेर कट्ट्यावर बसले, आणि आक्काताईंनी आधी गूळ आणि मग भाकरीचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. चावताना त्यांचे डोळे मिटत होते. हळूहळू घाम थांबला.

जोतीराम आला तेव्हा ते गाडीच्या पुढच्या सीटवर झोपले होते. त्यानं आतून हात घालून, काय काय सैल करून दार वर घेतलं आणि कुलूपच काढून हातात धरलं. आत काळपट, चिकट राळ जमलेली आणि तिच्यात मुंग्यांची पांढरी अंडी. त्यानं ते नाकाशी नेलं. मग आक्काताईंकडं बघितलं. मुंग्यांचं मी विचारलं होतं, एवढंच तो म्हणाला. त्याची फवाऱ्याची डबी पेटीत होतीच. एक फवारा आणि काम झालं असतं. त्यानं पेटीचं झाकण लावलं, बस्तीच्या मागच्या लिंबाखाली कागद पसरला, त्यावर कुलूप ठेवलं आणि थोड्या अंतरावर आक्काताईंकडचा उरलेला गूळ. मुंग्या अंडी तोंडात धरून एकेक करून बाहेर पडेपर्यंत तो मांडी घालून बसून राहिला. अधूनमधून मऊ ब्रशनं एखादीला वाट करून देत होता. आक्काताई शेजारी बसल्या. उन्हं कलल्यावर त्यानं ते रिकामं कुलूप धुतलं, वाळवलं आणि परत बसवलं.

"आक्का, ह्यात ओलं काय बी जाऊ द्यायचं न्हाई," तो जाताना म्हणाला. "काय बी म्हंजे काय बी."

आक्काताईंनी मान डोलावली. दीपाली जवळच उभी होती. जोतीराम तिच्यादेखत याहून जास्त बोलला नाही, आणि त्याचे हे उपकार आक्काताई कधी विसरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार बटणासरशी उघडलं, कपाळाच्या जरा वर येऊन थांबलं. खुर्ची निघाली, चाकं पुसली गेली, दर्शन झालं. आक्काताईंनी गंधोदकाच्या वाटीत बोटं बुडवली, ती कल्लाप्पांच्या कपाळाला लावली, डोळ्यांना लावली. पुढं मुठीकडं जायचा हात मात्र जागच्या जागी थांबला. कालचं बोलणं मनात होतं. आता तिथं कुठल्या तोंडानं लावायचं? वाटी खाली ठेवून त्या खुर्ची ढकलायला मागं वळल्या, तर कल्लाप्पांनी उजव्या हातानं आपली डावी मूठ मांडीवरून उचलली आणि त्यांच्यापुढं धरली.

"हितं लाव की," ते म्हणाले. "हितं मुंग्या येत न्हाईत."

आक्काताईंनी वाटी पुन्हा उचलली आणि मुठीच्या एकेका पेरावरून बोट फिरवलं. कल्लाप्पांनी डोळे मिटून घेतले. मग आक्काताईंनी पदराला हात पुसले, ते कोरडे झाले का बघितलं, पुन्हा एकदा पुसले, आणि खुर्ची ढकलत डिकीचं बटण दाबायला बाहेर गेल्या.